घरचा ग्लुकोमीटर: आठ महिने आणि दोनशे पट्ट्या

बोट टोचून रक्तातली शुगर मोजायचं हे मशीन दिवाळीनंतर घेतलं. हजाराच्या आत आलं, वर रक्ताचा थेंब घ्यायच्या पंचवीस पट्ट्या फुकट. स्वस्तात पडलं म्हणून खूश होतो. फुकटच्या पट्ट्या संपल्या आणि खरा खर्च कुठे आहे ते कळलं. मला एक पट्टी वीस रुपयांना पडते. आठ महिन्यांत पन्नासच्या चार डब्या गेल्या, म्हणजे चार हजार रुपये. त्यामुळे घेणाऱ्याने आधी पट्टीचा भाव विचारावा आणि ती आपल्या नेहमीच्या मेडिकलमध्ये मिळते का ते बघावं. ब्लूटूथ, अ‍ॅप वगैरे नंतर. अ‍ॅप मी दुसऱ्याच आठवड्यात काढून टाकलं, शंभर पानी वही बरी.

मी सोलापूरचा, वय ५३, शुगर सहा वर्षांपासून. मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे. ऑक्टोबरात शुगरची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, ८.४ टक्के आली म्हणून हे मशीन घरात आलं. पहिले दोन महिने मी ते नुसतं वाया घालवलं. रोज उठायचं, टोचायचं, १४०च्या आसपासचा आकडा वहीत लिहायचा आणि चहा घ्यायचा. रात्री कमी जेवलो तरी सकाळी तेच. पहाटे यकृत आपणहून रक्तात साखर सोडतं, त्यामुळे असं होतं, हे डॉक्टरांनी सांगितलं. वही चाळून ते म्हणाले, “रोज एकच ओळ लिहून आणलीय तुम्ही. जेवायच्या आधी एकदा आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी एकदा, असं जोडीनं बघा. रोज नको, आठवड्यातून तीन-चारदा.”

मशीनचे पैसे तिथून वसूल व्हायला लागले.

आमच्याकडे ज्वारीची भाकरी म्हणजे शुगरवाल्याचं औषधच. त्यातून मंगळवेढ्याची मालदांडी असली तर बोलायलाच नको. मी चपाती सोडून तीन-तीन भाकऱ्या खात होतो, तेही पुण्य केल्यासारखं. त्या दिवशी कडक भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली. आधी ११८, दोन तासांनी २१४. मशीन बिघडलं म्हणून दुसऱ्या बोटाला टोचलं, तर २०८. पुढच्या आठवड्यात दीड भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि जेवायला बसल्यावर आधी काकडी-मुळा. १२१ वरून १५८. पीठ त्याच डब्यातलं. तीनदा करून बघितलं, आकडे थोडे हलले, फरक तसाच राहिला. भाकरीत चोथा असेल, पण शेवटी तीही पिष्टच, आणि कुस्करलेली तर चावावीही लागत नाही. जेवणानंतर वीस मिनिटं सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला चालून आलो की आणखी वीस-पंचवीसने खाली दिसतं. हे माझे आकडे. तुमच्या अंगात भाकरी वेगळी वागेल, म्हणून तर टोचायचं.

चुका बऱ्याच केल्या. मे महिन्यात आंब्याच्या फोडी करून दिल्या, हात नुसते फडक्याला पुसले आणि टोचलं. २४१! छातीत धस्स झालं. साबणाने हात धुऊन, कोरडे करून परत बघितलं तर १४९. बोटाला लागलेला रस मशीनने मोजला होता. तेव्हापासून हात धुतल्याशिवाय डबीला हात नाही. टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध टोचलं तर दिवसभर हुळहुळतं. थेंब येत नाही म्हणून बोट पिळत बसू नये, त्याने आकडा चुकू शकतो. हात खाली सोडून थोडा हलवला की येतो. पावसाळ्यात पट्ट्यांच्या डबीचं झाकण रात्रभर उघडं राहिलं आणि नंतरचे आकडे कशाशी जुळेनात. अख्खी डबी टाकावी लागली. सहाशे रुपयांच्या पट्ट्या उरल्या होत्या, सौ. अजून काढते तो विषय.

आकडा कितपत खरा? लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त दिलं तेव्हा तिथेच बसून मशीनवरही बघितलं. लॅब १३२, मशीन १४१. १००च्या वर पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक या मशीनांना चालतो, म्हणजे १५० आणि १६० यांत जीव अडकवण्यात अर्थ नाही. १५८ आणि २१४ मधला फरक मात्र खरा.

जूनमध्ये एचबीए१सी ७.१ आलं. सगळं श्रेय मशीनला देत नाही, फेब्रुवारीत डॉक्टरांनी गोळीही वाढवली होती. ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे त्यांचं गणित वेगळं. त्यांना शुगर ७०च्या खाली जाते का तेही बघावं लागतं, तेव्हा किती वेळा टोचायचं ते डॉक्टरांनाच विचारा. दंडावर चिकटवायचा चौदा दिवसांचा सेन्सर मला अजून परवडत नाही.

आषाढी एकादशीला आईशी वाद झाला. साबुदाण्याची खिचडी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, “अरे, उपासाचं काय वाढतंय?” एक वाटी खाल्ली. दोन तासांनी २३२, आठ महिन्यांतला दुसऱ्या कुठल्याही जेवणाचा आकडा एवढा नाही. वही तिच्यापुढे धरली. तिने चष्मा लावून वाचलं आणि बोट पुढे केलं, “माझी बघ की.” नवी सुई लावली, हात धुवायला लावले. वय ७८, आजवर कधी शुगर तपासलेली नाही. २१९.

घरच्या मशीनवरून निदान होत नाही हे मला माहीत आहे, तिलाही तेच सांगितलं. उद्या सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये नेतोय. पट्ट्यांची पाचवी डबी आजच आणून ठेवली.