लिनक्सवर माऊसचा बाण बदलायचाय? आधी आकार, मग रंग, शेवटी थीम

लिनक्स डेस्कटॉपवर बाण बदलायचा म्हटलं की बहुतेक जण थेट नवी थीम उतरवून घ्यायला लागतात. माझा सल्ला वेगळा आहे. आधी आहे त्याच बाणाचा आकार वाढवून बघा, मग काळा-पांढरा बदलून बघा आणि तेवढ्यानं भागलं नाही तरच नव्या थीमकडे वळा.

परभणी, सेलू, मानवत या पट्ट्यात जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून द्यायचं काम मी करतो. वाचनालय, ई-सेवा केंद्र, टायपिंगचे क्लास, निवृत्त शिक्षकांची घरं अशी माझी गिऱ्हाइकं. "सर, बाण दिसना झालाय" हे वाक्य मला सगळीकडे ऐकू येतं. रस्त्याकडे तोंड केलेलं दुकान, दुपारचं ऊन थेट स्क्रीनवर आणि पांढऱ्या फॉर्मवर फिरणारा बारका बाण. पीक विम्याच्या दिवसांत दारात रांग लागलेली असताना केंद्रचालकाला तो शोधत बसावं लागतं. हे लिखाण अशा माणसांना डोळ्यांसमोर ठेवून केलं आहे.

निवड करण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. कर्सर थीम म्हणजे चित्रांचं फोल्डर. त्यात साध्या बाणाची एक फाइल, लिंकवरच्या हाताची दुसरी, थांबा सांगणाऱ्या चक्राची तिसरी, असं असतं. 2003 साली एक्सफ्री86 च्या (लिनक्सवर पडद्यावरची चित्रं दाखवणाऱ्या तेव्हाच्या प्रणालीच्या) 4.3 आवृत्तीबरोबर एक्सकर्सर नावाची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड, आली. त्याआधी बाणाला दोनच रंग मिळायचे. मऊ कडा, सावली, हलणारी चित्रं हे सगळं या लायब्ररीनंतरचं. एकेका फाइलीत त्याच बाणाची वेगवेगळ्या मापांची चित्रं भरलेली असतात, 24, 32, 48 पिक्सेल अशी. मागितलेलं माप त्यात नसलं तर त्यातल्या त्यात जवळचं माप उचललं जातं. म्हणूनच काही थीममध्ये सेटिंगमधली पट्टी शेवटपर्यंत सरकवली तरी बाण जागचा वाढत नाही. दोष तुमच्या मशीनचा नसतो, थीम बनवणाऱ्यानं मोठं चित्र घातलेलंच नसतं. थीम निवडताना तिचा फोटो बघण्याआधी तिच्यात कोणकोणती मापं आहेत ते बघा.

डेस्कटॉप कोणता, त्यावर बरंच ठरतं

डेस्कटॉप म्हणजे खिडक्या आणि मेनू दाखवणारा लिनक्सचा दर्शनी भाग, आणि तो अनेक प्रकारचा असतो. त्यातल्या ग्नोममध्ये आकार बदलणं सोपं, थीम बदलणं आडवळणाचं. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत गेलं की कर्सरच्या आकाराच्या पाच पायऱ्या मिळतात, 24 पासून 96 पर्यंत. थीम बदलायला मात्र ट्वीक्स हे वेगळं अ‍ॅप टाकावं लागतं. सेटिंग्जमधल्या त्याच अ‍ॅक्सेसिबिलिटीत बाण शोधून द्यायची सोय आहे. ती चालू केली की डावीकडचं कंट्रोल बटण दाबल्यावर बाणाभोवती वर्तुळ उमटतं. वयस्कर माणसाच्या मशीनवर मी ही सोय न विचारता चालू करून देतो.

केडीई प्लाझ्मा हा दुसरा डेस्कटॉप या बाबतीत सगळ्यांच्या पुढे आहे, हे मोकळेपणानं सांगतो. सिस्टिम सेटिंग्जमध्ये कर्सरचं स्वतंत्र पान आहे. थीम तिथूनच शोधा, तिथूनच उतरवा, माप तिथंच निवडा. 2024 च्या जूनमध्ये आलेल्या 6.1 आवृत्तीपासून माऊस जोरात हलवला की बाण क्षणभर मोठा होतो आणि ही सोय मुळातच चालू असते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या 6.2 मध्ये एसव्हीजी कर्सर आले. ही चित्रं पिक्सेलची नसतात, रेषांची असतात, त्यामुळे कितीही मोठी केली तरी कडा फाटत नाहीत. वर सांगितलेली मापांची अडचण त्यानं मुळातून सुटते. पण प्लाझ्मा 6 हवं तर मशीनही जरा नवं हवं.

जुन्या मशीनवर मी बहुधा मिंट नावाचं लिनक्स टाकतो, सिनॅमन किंवा एक्सएफसीई या डेस्कटॉपचं. एक्सएफसीईत माऊस आणि टचपॅडच्या खिडकीत थीमचा वेगळा टॅब आहे, थीम आणि माप दोन्ही तिथंच. सिनॅमनमध्ये थीम एका जागी आणि माप दुसऱ्या जागी, एवढाच फरक. शोधाशोध करावी लागत नाही.

जुन्या मशीनबद्दल एक इशारा. कितीतरी जुन्या ग्राफिक्स चिपमध्ये बाणासाठी 64 बाय 64 पिक्सेलचीच जागा राखलेली असते. त्याहून मोठा बाण मागितला की तो चिपऐवजी सॉफ्टवेअर काढतं आणि मग कधी लुकलुकतो, कधी हाताच्या मागं राहतो. अशा मशीनवर 48 ला थांबावं.

थीम समोरासमोर

अद्वैता ही ग्नोमची मूळ थीम. काळा बाण, पांढरी कड. मोठ्या मापांची चित्रं आहेत, कडा स्वच्छ आहेत आणि पांढऱ्या पानावर ती चांगली उठते. ज्यांचं दिवसभराचं काम फॉर्म, पत्रं आणि ब्राउझर एवढंच आहे, त्यांना मी दुसरं काही सुचवत नाही.

डीएमझेड-व्हाइट पांढरी, काळ्या कडेची. तिचा मोठा गुण असा की विंडोजवर हात बसलेल्याला ती ओळखीची वाटते. एमएस-सीआयटी करून आलेली मुलं या बाणावर पहिल्या दिवसापासून सहज काम करतात. पण उन्हात किंवा फिकट प्रोजेक्टरवर तिची बारीक काळी कड पुसल्यासारखी होते आणि पांढऱ्यावर पांढरा बाण हरवतो. लातूरसारख्या ठिकाणी क्लासमध्ये पंख्याखाली, खिडक्या उघड्या ठेवून प्रोजेक्टर चालतो. तिथं ही थीम वापरू नये. याच जोडीतली डीएमझेड-ब्लॅक तिथं बरी.

केडीईची ब्रीझ काटकोळी आणि नेटकी आहे. गडद आणि फिकट अशी दोन रूपं मिळतात. नजर चांगली असेल तर दिवसभर डोळ्यांना सुखाची, नसेल तर मात्र 24 मापात ती फार नाजूक वाटते. 36 किंवा 48 वर नेली की तक्रार राहत नाही.

बिबाटा सध्या लोकांना फार आवडते आणि ते योग्यही आहे. तिची दोन वळणं आहेत, मॉडर्नमध्ये गोलसर कोपरे आणि ओरिजिनलमध्ये टोकदार. रंग तीन: क्लासिक काळा, आइस पांढरा, अंबर नारिंगी. मापं लहानापासून 96 पर्यंत भरपूर, त्यामुळे पट्टी सरकवली की बाण खरंच वाढतो. अंबर बघून मुलं हरखतात. काळ्या टर्मिनलवर आणि निळ्या वॉलपेपरवर तो उठूनही दिसतो. पण त्याची कड पांढरी आहे, म्हणून पांढऱ्या पानावर तो क्लासिकइतका ठसठशीत राहत नाही. कागदी काम करणाऱ्यानं क्लासिकच घ्यावा.

मॉडर्न की ओरिजिनल हा प्रश्न दिसायला किरकोळ आहे, पण फ्लेक्स आणि लग्नपत्रिका करणाऱ्यांसाठी तो किरकोळ राहत नाही. बाणाच्या चित्रातला एकच पिक्सेल क्लिक करतो. त्याला हॉटस्पॉट म्हणतात आणि साध्या बाणात तो टोकाशी असतो. टोक गोल असलं की नेमका तो ठिपका कुठं आहे ते डोळ्याला अंदाजानं धरावं लागतं. इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये नोड, म्हणजे रेषेवरचा ठिपका, पकडताना हे जाणवतं. एखाद्या पिक्सेलची चूक झाली की बाजूचा नोड हलतो. अशा कामाला ओरिजिनल.

कॅपिटेन ही मॅकच्या वळणाची थीम. दिसायला देखणी, काळी आणि पांढरी दोन्ही मिळते. पण बिबाटा क्लासिक हाताशी असताना तिच्याकडे वळायला आवडीपलीकडे कारण मला दिसत नाही.

मराठी टाइप करणाऱ्यांनी इथं थांबावं

थीमच्या तुलनेत सगळे बाणच बघतात. पण रोज मराठी टाइप करणाऱ्याचा अर्धा वेळ बाणाबरोबर जातच नाही. मजकुरावर आलं की बाणाची उभी दांडी होते आणि खरी पंचाईत तिथं होते. देवनागरीत वर शिरोरेषा आणि ओळभर काने. बारीक काळी उभी दांडी त्या गर्दीत शिरली की डोळ्याला तीही एक काना वाटते. इंग्रजी मजकुरात हा त्रास इतका होत नाही. मराठीत 'मामाचा पत्ता' एवढंच लिहा आणि त्यावरून माऊस फिरवा, दांडी कुठं आहे ते क्षणभर शोधावं लागेल.

मला महत्त्वाची वाटणारी तुलना हीच आहे. थीम लावल्यावर लिबरऑफिस रायटरमध्ये मराठीचा एक भरगच्च परिच्छेद उघडा, मंगलसारखा नेहमीचा फाँट, 12 चं माप, आणि दांडी ओळींवरून सावकाश फिरवा. ब्रीझची दांडी 24 मापात कान्यांत मिसळते. अद्वैताची पांढऱ्या कडेमुळं थोडी सुटी राहते. बिबाटाची जाड आहे, टोकं गोलसर आहेत आणि भोवतीची कड अक्षरापासून तिला वेगळी काढते. टायपिंगच्या क्लासमध्ये आणि वकिलांच्या टंकलेखकांकडे मी बिबाटा क्लासिक लावतो त्यामागं हे कारण आहे. बाणाचं रूप तिथं दुय्यम. मराठी मजकूर असलेल्या मशीनवर ही परीक्षा घेतल्याशिवाय कोणतीही थीम पक्की करू नका.

स्वतःचा बाण बनवावा का?

बनवता येतो आणि अवघडही नाही. गिंपमध्ये चित्र काढायचं, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी फाइल करायची, मग एका साध्या मजकूर फाइलीत प्रत्येक चित्रासाठी एक ओळ लिहायची. ओळीत आधी माप, मग हॉटस्पॉटची आडवी जागा, मग उभी जागा, शेवटी चित्राचं नाव. 24 मापाच्या चित्रात टोक डावीकडून चौथ्या आणि वरून तिसऱ्या पिक्सेलवर असेल, तर '24 3 2 बाण.पीएनजी' अशी ती ओळ होते, कारण मोजणी शून्यापासून धरतात. चित्र हलतं हवं असेल तर पुढं मिलिसेकंद लिहायचे. एक्सकर्सरजेन हा छोटा प्रोग्राम यातून कर्सर तयार करतो. विंडोजसाठी केलेले कर्सर आणायचे असतील तर विन2एक्सकर आहे.

पण कशाचा बाण करायचा याचा विचार हवा. पैठणच्या एका ओळखीच्या मुलाला पदरावरचा मोर बाण म्हणून हवा होता. 96 मापात तो मोर सुरेख दिसला. चोच हाच हॉटस्पॉट, पिसारा मागं. 24 वर आणला तेव्हा पिसाऱ्याचा रंगीत डाग उरला आणि चोच दिसेनाशी झाली. नक्षी पदरावर खुलते कारण तिथं जागा आहे, बाणाला तेवढी जागा कधीच मिळत नाही. शेवटी आम्ही साधा काळा बाण ठेवला आणि थांबा सांगणाऱ्या चक्राच्या जागी मोर बसवला. चक्राला नेम धरावा लागत नाही, म्हणून तिथं सजावट चालते. हौस असेल तर सुरुवात चक्रापासून करा.

अर्धवट थीमचीही भीती नको. थीमच्या माहिती फाइलीत 'इनहेरिट्स' अशी एक ओळ असते. तुमच्या फोल्डरात जी चित्रं नाहीत ती त्या ओळीत नाव दिलेल्या थीममधून घेतली जातात. तिथं अद्वैताचं नाव घातलं की काम झालं.

लावताना अडतं कुठं

उतरवलेली थीम होम फोल्डरमधल्या 'आयकॉन्स' नावाच्या लपलेल्या फोल्डरात ठेवली की ती फक्त तुमच्यापुरती असते. लॉगिनच्या पडद्यावर जुनाच बाण राहतो, कारण तो पडदा तुमच्या नावानं चालत नाही. वाचनालयासारख्या ठिकाणी, जिथं पाच-सहा जण एकच मशीन वापरतात, तिथं थीम संपूर्ण सिस्टिमच्या आयकॉन फोल्डरात टाकावी.

फ्लॅटपॅकनं (अ‍ॅप बाकीच्या सिस्टिमपासून वेगळं ठेवून टाकायच्या पद्धतीनं) टाकलेल्या अ‍ॅपमध्ये बाण अचानक बदलतो, अशी विचारणा बरेचदा होते. ते अ‍ॅप कुंपणात चालतं आणि तुमचं लपलेलं फोल्डर त्याला दिसत नाही. फ्लॅटसील या अ‍ॅपमधून त्या फोल्डरला फक्त वाचण्याची परवानगी दिली की बाण जुळतो. वेलँडवर (पडद्यावरची चित्रं दाखवणाऱ्या नव्या प्रणालीवर) आधी प्रत्येक अ‍ॅप आपापला कर्सर स्वतः उघडायचं. 2023 मध्ये आलेल्या नव्या प्रोटोकॉलमुळं, म्हणजे अ‍ॅप आणि डेस्कटॉपमधल्या बोलण्याच्या ठरलेल्या रीतीमुळं, अ‍ॅपनं फक्त कोणता कर्सर हवा (बाण, हात की दांडी) त्याचं नाव सांगायचं आणि चित्र डेस्कटॉपनं काढायचं, अशी सोय झाली. ती जसजशी अ‍ॅपमध्ये पोचेल तसतसा हा त्रास कमी होत जाईल.

केडीईत एक काळजी जरूर घ्या. फक्त कर्सर हवा असेल तर ग्लोबल थीम, म्हणजे सगळ्या डेस्कटॉपचं रूप एकदम बदलणारी थीम, उतरवू नका. कर्सर थीममध्ये चित्रं असतात, ग्लोबल थीममध्ये चालणारा कोडही असू शकतो. मार्च 2024 मध्ये अशाच एका थीममुळं एका वापरकर्त्याच्या फाइली पुसल्या गेल्या होत्या.

राहता राहिले डावखुरे. माऊस डाव्या हातात असणाऱ्याला डावीकडे झुकलेला बाण उलटा वाटतो. अद्वैता, ब्रीझ, डीएमझेड यांपैकी कुणातही त्यांची वेगळी सोय नाही. कॉमिक्स कर्सर या हातानं रेखाटल्यासारख्या थीममध्ये डाव्या हाताचा संच आहे, बिबाटातही आहे. बिबाटात त्याच्या नावापुढं 'राइट' लिहिलेलं असतं, कारण त्यातल्या बाणाचं टोक उजवीकडे असतं. थीम लावल्यावर माऊसच्या सेटिंगमध्ये जाऊन बटणंही वेगळी बदलून घ्या, थीम बटणांना हात लावत नाही.