फुलांचा महोत्सव आणि शेतकरी बाजार: पिशवीत काय घ्यावं, काय तिथंच सोडावं

वसंतातला फुलांचा महोत्सव आणि त्याच सुमारास भरणारा शेतकरी बाजार बघायला छान असतात, त्याबद्दल वाद नाही. इथे पाहायचंय ते तिथल्या विक्रीच्या मालाकडे: सुट्या जुड्या, तयार गुच्छ, फुललेल्या कुंड्या, कंद, रोपं, भाजी. दोन दिवसांत मान टाकणारी जुडी आणि आठवडाभर टिकणारी जुडी एकाच टेबलावर शेजारी शेजारी उभ्या असतात, बऱ्याचदा एकाच भावाच्या. कापल्यावर फूल किती वेळ कोरडं राहिलं आणि त्याला किती ऊन लागलं, फरक तिथेच पडतो.

आधी तारखांचं. महोत्सवाची जाहिरात कित्येक महिने आधी होते, फुलं मात्र हवामान बघून उमलतात. ट्यूलिपचा एकच वाण लावलेलं शेत फार तर आठ-पंधरा दिवस भरात असतं, आणि मध्येच उकाडा झाला तर तेवढेही दिवस मिळत नाहीत. म्हणून लवकर, मध्यम आणि उशिरा फुलणारे वाण मिसळून लावलेलं ठिकाण निवडावं. नेदरलँड्समधलं कोकेनहोफ हे फुलांचं उद्यान दरवर्षी सुमारे ८ आठवडे खुलं असतं आणि एवढा काळ भरलेलं दिसतं, कारण तिथे काही वाफ्यांत कंद थरांनी पुरतात: उशिराचे खोल, लवकरचे वर. एकाची फुलं ओसरली की खालचा वर येतो. आणि वसंत म्हणजे मार्च-एप्रिल हे गृहीत धरू नये. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराचा ‘फ्लोरिआड’ हा फुलांचा महोत्सव सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असतो, कारण तिकडचा वसंत तेव्हाचा.

आता सुट्या जुड्या. महोत्सवातली सर्वांत चांगली खरेदी हीच, पण निवड नीट केली तर. ट्यूलिपची कळी मिटलेली हवी, पण तिच्यावर रंग अर्ध्याहून जास्त चढलेला असावा. पूर्ण हिरवी कळी घरी नीट उमलेलच असं नाही, आणि पूर्ण उघडलेलं फूल दोन दिवसांचं पाहुणं. पानं एकमेकांवर हलकेच घासून बघा: ताज्या ट्यूलिपची करकरतात, शिळ्यांची चामड्यासारखी गप्प राहतात. देठाचं टोक तपकिरी किंवा बुळबुळीत असेल तर जुडी परत ठेवा. बादलीतलं पाणी गढूळ असेल किंवा त्याला वास येत असेल, तर तो स्टॉलच सोडा. त्या पाण्यातले जिवाणू देठाच्या नळ्या बुजवतात, मग घरी कितीही स्वच्छ पाण्यात ठेवा, वर पाणी चढत नाही.

इतर फुलांची परीक्षा वेगळी. डॅफोडिल कळीत असताना, मान वाकून रंग दिसू लागल्यावर घ्यावं. पिओनीची कळी बोटांनी दाबून बघायची: गोटीसारखी कडक असेल तर ती बहुधा तशीच वाळते, फुगलेल्या स्पंजसारखी मऊ लागली तर उमलणार. अशी मऊ कळी कागदात गुंडाळून, पाण्याशिवाय, फ्रिजमध्ये दोन आठवडेही राहते. फक्त त्या फ्रिजमध्ये सफरचंदं नकोत, त्यांतून निघणारा वायू फुलांना मारक. रॅनन्क्युलस आणि अ‍ॅनिमोनी दिसायला नाजूक असली तरी चांगली टिकतात. त्यांचे देठ मऊ, त्यामुळे पाणी दोन-तीन इंचच ठेवायचं, नाहीतर देठ खालून कुजतो. लायलॅक मात्र प्रवासासाठी घेऊच नये. लाकडी देठातून पाणी सावकाश चढतं आणि झुबके काही तासांत लोळतात.

तयार मिश्र गुच्छांना आमच्याकडून सर्वांत कमी गुण. डॅफोडिलच्या कापलेल्या देठातून चिकट रस झिरपतो आणि तो ट्यूलिपसारख्या शेजाऱ्यांचं आयुष्य कमी करतो. गुच्छात दोन्ही असतील तर घरी सुटे करा, डॅफोडिल रात्रभर वेगळ्या पाण्यात ठेवा आणि मग देठ पुन्हा न कापता एकत्र लावा. पुन्हा कापला की रस पुन्हा सुरू. शिवाय मिश्र गुच्छात प्रत्येक फुलाचा टप्पा वेगळा. एक गळायला लागतं तेव्हा दुसरं अजून उमलायचं असतं.

घरी आणल्यावर देठ धारदार सुरीनं तिरके, दोन-तीन सेंटिमीटर कापा. टोकात शिरलेली हवा आणि सुकलेला भाग निघून जातो. बोथट कात्रीनं देठ चेचला जातो, म्हणून ती नको. पाण्याखाली जाणारी सगळी पानं काढा. कंदवर्गी फुलांना थंड आणि उथळ पाणी, आणि ते रोज बदलायचं. पाण्यात नुसती साखर टाकण्याची हौस सोडून द्या: जिवाणू रोखणारा घटक सोबत नसेल तर साखर जिवाणूंनाच पोसते. स्टॉलवर मिळणाऱ्या, फुलदाणीच्या पाण्यात टाकायच्या पुडीत साखर, आम्ल आणि जंतुनाशक तिन्ही असतात. ती पुडी वापरायची तर तिच्यावर लिहिलेल्या प्रमाणातच. ट्यूलिप वाटेत लोळलेच, तर कागदात कळ्यांपर्यंत घट्ट गुंडाळून तास-दोन तास थंड पाण्यात उभे करा, सरळ होतात. कापल्यावरही ते काही सेंटिमीटर वाढतात आणि उजेडाकडे वळतात. तो दोष नाही, स्वभाव आहे. लांबीची काटेकोर मांडणी हवी असेल तर ट्यूलिप घेऊ नका.

फुललेल्या कुंड्या दिसतात स्वस्त, पण त्या बहुतेक मुद्दाम वेळेआधी फुलवलेल्या असतात. असा ट्यूलिपचा कंद पुढच्या वर्षी क्वचितच नीट फुलतो. डॅफोडिल आणि हायसिंथच्या बाबतीत थोडी आशा असते. फूल सुकलं की ते तोडा, पानं मात्र पिवळी पडेपर्यंत राहू द्या, कारण पुढच्या वर्षीचा साठा कंदात तीच भरतात. हायसिंथचा कंद हाताळताना हातमोजे घाला, खाज सुटते.

वसंतात सुटे, कोरडे ट्यूलिपचे कंद विकायला दिसले तर नमस्कार करून पुढे व्हा. ट्यूलिपचा कंद थंडीआधी लावायचा असतो आणि फुलण्यासाठी त्याला १२ ते १६ आठवडे गारवा लागतो. वसंतात उरलेला कंद म्हणजे शिल्लक माल. चांगले विक्रेते या दिवसांत ऑर्डर लिहून घेतात आणि माल हंगामाला पाठवतात. वसंतात लावायचे ते डेलिया, ग्लॅडिओलस, लिली. डेलियाच्या कंदाला मानेपाशी डोळा हवा, तो नसेल तर कितीही जाडजूड कंद फुटत नाही. लिलीच्या कंदावर कांद्यासारखं कागदी साल नसतं, त्यामुळे तो लवकर सुकतो. ओलसर भुशात ठेवलेलाच घ्या.

भाजीपाल्याच्या स्टॉलवर पहिला प्रश्न: हे आज काढलं की काल? मटारातली साखर तोडल्यापासून पिठात बदलू लागते, म्हणून मटार सकाळी तोडलेलेच गोड. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही, लाल होईल पण गोड होणार नाही. म्हणून देठाजवळ पांढरी असेल तर घेऊ नये, आणि डबा उलटून खालचा थर जरूर बघावा. मुळा, गाजर, बीट पाल्यासकट घ्या, कारण पाला ताजेपणाचा पुरावा. घरी पोचताच मात्र तो कापून टाका, नाहीतर मुळातलं पाणी ओढून घेतो. सतत पाणी मारलेली पालेभाजी टवटवीत दिसते आणि पिशवीत तासाभरात चिकचिकते. हंगाम नसलेली फळं, एकाच मापाचा माल आणि टेबलाखाली घाऊक बाजाराचे खोके, हे तिन्ही एकत्र दिसले तर समोर शेतकरी नसून व्यापारी आहे. त्यात गैर काही नाही, फक्त ताज्या मालाचा दर त्याला देऊ नये.

रोपं घेताना फुलं आलेली उंच रोपं टाळा. बुटकी, जाड खोडाची घ्या. कुंडीच्या तळातून मुळं गुंडाळून बाहेर आली असतील तर नको. काचघरात वाढलेलं रोप थेट उन्हात लावलं तर पानं भाजतात. आठ-दहा दिवस रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून सवय लावा.

क्रमही महत्त्वाचा. आधी फुलं बघा, मग भाजी घ्या, आणि जुड्या अगदी निघताना. सोबत एक अरुंद उंच बादली ठेवा आणि तळाशी चार बोटं पाणी. तीही नसेल तर देठांना ओलं फडकं आणि वरून प्लॅस्टिकची पिशवी. पिकलेली फळं आणि फुलं एका पिशवीत कधीच नकोत: सफरचंद, केळी, नासपती यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे कार्नेशन आणि स्वीट पी वेळेआधी कोमेजतात. बंद गाडीत उन्हात अर्धा तास ठेवलेली जुडी संपलीच म्हणून समजा.

घरात मांजर असेल तर लिलीची जुडी घेऊच नका. पानं, फुलं, पराग, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराचं मूत्रपिंड निकामी करू शकतं. नुसते पराग काढून टाकल्यानं धोका जात नाही.