एक स्टार जिन्यासाठी कापलाय

मानसोपचाराचं क्लिनिक, पण लिफ्ट नाही, दुसरा मजला, जिना अरुंद. सिझेरियनचे टाके ओढतायत, बाळ कडेवर, पिशवी खांद्यावर, असं एकदा चढून बघा म्हणजे कळेल. बाळंतिणी येतात तर दूध पाजायला एक पडदा तरी लावा ना. आणि पहिल्याच दिवशी रिसेप्शनवरच्या ताईंनी "ओसीडीच्या पेशंट कोण?" (ओसीडी म्हणजे नको ते विचार परत परत येणं आणि त्यापायी तेच तेच करत राहणं) असं खणखणीत विचारलं, पाच माणसं वळून बघायला लागली. सांगितल्यावर बंद केलं ते, खरं सांगायचं तर.

आता बाकीचं. माझं आधीचं एक चौथ्या महिन्यात गेलेलं, ही लेक ३४व्या आठवड्यात झाली, ११ दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत). घरी आणली तेव्हापासून डोक्यात एकच, माझ्या हातून हिला काहीतरी होणार. विळीवर भाजी चिरताना डोळ्यासमोर नको ते चित्र यायचं, मग विळी तशीच टाकून हात धुवायला पळायचं, परत परत, बोटांना भेगा पडल्या. ह्यांना कारण न सांगता विळी, सुऱ्या सगळं माळ्यावर टाकायला लावलं. सासूबाईंनी दृष्ट काढली, डिलिव्हरी केलेल्या डॉक्टर म्हणाल्या हार्मोन्स आहेत, जाईल. कसलं जातंय. शेवटी रात्री अडीचला १४४१६ लावला (टेली मानस, सरकारी आहे, फुकट, मराठीतही बोलतात), त्यांनी सायकियाट्रिस्टना दाखवाच म्हटलं.

इथल्या सायकियाट्रिस्ट मॅडमना ते चित्र सांगताना वाटत होतं आता बाळ काढून घेणार माझ्याकडून. त्यांनी लिहिता लिहिता विचारलं, "विळी कुठेय आता?" म्हटलं माळ्यावर. "ती खाली आणायचीय आपल्याला, पण आज नाही." बास एवढंच. मग समजावलं, ओसीडीत तो विचार बाईला स्वतःलाच नकोसा असतो, म्हणून ती इतकी घाबरते. पण जिला तो विचार बरोबर वाटायला लागतो, आवाज ऐकू येतात, तो बाळंतपणानंतरचा सायकोसिस (भास-भ्रमांचा गंभीर आजार) असू शकतो, तिथे थांबायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. दहा प्रश्नांची एक टेस्ट घेतली, माझे ४० पैकी २७ आले (जितके जास्त तितका त्रास जास्त).

ट्रीटमेंट ईआरपी, म्हणजे ज्याची भीती त्याच्यासमोर थोडं थोडं जायचं आणि भीती घालवायला नेहमी करतो ते करायचं नाही. आधी विळीचा नुसता फोटो, मग विळी ओट्यावर आणि बाळ बाहेरच्या खोलीत, मग बाळ तिथेच. मध्ये हात धुवायचे नाहीत आणि "मी काही करणार नाही ना हो?" असं ह्यांना विचारायचं पण नाही, हे दुसरं फार जड गेलं. सर्ट्रालिनची (ओसीडीवरची) गोळी सुरू केली, त्याआधी बाळाच्या डॉक्टरांशी स्वतः फोनवर बोलल्या, अंगावरचं दूध चालूच आहे.

फी पहिल्यांदा १५००, नंतर ८००. पाऊण तास पूर्ण देतात पण त्याआधी तासभर बसवतात.

काल मेथी चिरली विळीवर, लेक समोर चटईवर. चित्र आलंच. मेथी पण चिरून झाली.

शनिवारी जाऊ नका, खाली गाडी लावायला जागा मिळत नाही.