एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी पीथ्रीएचटी घ्यावं की एमईएच-पीपीव्ही?

कोल्हापुरात बसून या दोन अर्धवाहक (वीज वाहू शकणाऱ्या) पॉलिमरांतून निवड करायची, तर शोधनिबंधांतले आकडे थोडे बाजूला ठेवा. आधी दोन गोष्टी विचारा: प्रयोगशाळेत नायट्रोजनचा ग्लोव्ह बॉक्स (हवा आणि ओलावा बाहेर ठेवणारी बंद पेटी) आहे का, आणि थर टाकायचं काम कोणत्या महिन्यात येणार आहे?

एमईएच-पीपीव्हीचा मोह पडतोच. १९९० मध्ये केंब्रिजच्या गटाने पीपीव्ही या मूळ पॉलिमरचा पातळ थर विजेवर उजळवून दाखवला, तेव्हापासून पॉलिमर एलईडीचा जमाना सुरू झाला. साधं पीपीव्ही विरघळत नाही. एमईएच-पीपीव्ही मात्र बाजूला जोडलेल्या साखळ्यांमुळे क्लोरोबेंझीनमध्ये विरघळतं आणि नारिंगी-लाल उजेड देतं. तोंडी परीक्षेत असा चमकता ठिपका दाखवला की अर्धं काम झालं! पण त्यासाठी इलेक्ट्रॉन सहज सोडणारा कॅथोड (ऋण इलेक्ट्रोड) लागतो. सहसा त्यासाठी कॅल्शियम वापरतात आणि वर ॲल्युमिनियमचा थर देतात. कॅल्शियमला ओलावा लागला की उजेडात काळे डाग पडतात. शिवाय साखळीतल्या दुहेरी बंधांवर प्रकाशात ऑक्सिजन हल्ला करतो आणि पॉलिमरची चमकच मरते. हे नुकसान भरून येत नाही.

पीथ्रीएचटीलाही हवा बाधते, पण थोडी सबुरीने. ऑक्सिजनने त्यात डोपिंग होतं, म्हणजे जादा विद्युतभार येतात, आणि अंधारातला प्रवाह वाढतो. निर्वातात तापवलं की त्यातलं बरंचसं परत जागेवर येतं. तापवण्याचा आणखी एक फायदा म्हणजे साखळ्या नीट रचल्या जातात आणि यूव्ही-व्हिजिबल आलेखात ६०० नॅनोमीटरच्या जवळ एक खांदा (शिखराच्या कडेचा फुगवटा) ठळक होतो. म्हणजे उपकरण फसलं तरी प्रबंधात लिहायला हातात काहीतरी राहतं. मागवताना रेजिओरेग्युलर (बाजूच्या साखळ्या एकाच क्रमाने जोडलेली) प्रतच घ्या. दुसरी स्वस्त मिळाली तरी तिच्यात ही रचना नीट होत नाही.

सौर घटाचा हट्ट मात्र सोडा. पीथ्रीएचटी आणि पीसीबीएम (इलेक्ट्रॉन घेणारा फुलरीन रेणू) यांचे घट चांगल्या प्रयोगशाळांतही ४-५ टक्के कार्यक्षमतेच्या आसपास अडकले आणि नवी पॉलिमरं त्यांच्या कितीतरी पुढे निघून गेली. मी फोटोडिटेक्टर (प्रकाश पडला की प्रवाह बदलणारं उपकरण) सुचवेन: खाली झिंक ऑक्साइड, वर पीथ्रीएचटी. झिंक ऑक्साइड अतिनील किरण टिपतं, पॉलिमर दृश्य प्रकाश. शिवाजी विद्यापीठात रासायनिक पद्धतींनी पातळ थर बनवण्याची जुनी परंपरा आहे, त्यामुळे झिंक ऑक्साइडचा स्प्रे पायरोलिसिस (तापल्या काचेवर द्रावण फवारणं) किंवा सिलार (काच आळीपाळीने द्रावणांत बुडवणं) शिकवणारं कोणीतरी नक्की भेटेल. उजेडातला आणि अंधारातला प्रवाह मोजला की निकाल हाती येतो.

पेडॉट:पीएसएस या वाहक पॉलिमरचा थर एलईडी आणि डिटेक्टर दोन्हींत मध्ये घालता येतो, पण तो आम्लधर्मी असल्याने आयटीओ (काचेवरचा पारदर्शक वाहक थर) हळूहळू खातो आणि ओलावाही शोषतो. झिंक ऑक्साइडच्या रचनेत तो टाळता आला तर टाळाच.

आता पावसाचं. जुलैत पंचगंगा फुगलेली असताना क्लोरोफॉर्ममधून स्पिन कोटिंग (काच गरागरा फिरवून द्रावणाचा थर पसरवणं) केलं, तर ते झपाट्याने उडून पृष्ठभाग गार करतं, त्यावर दव धरतं आणि थर धुरकट, खड्ड्याखड्ड्यांचा येतो. क्लोरोबेंझीन १३२ अंशांना उकळतं, सावकाश उडतं, म्हणून तेच बरं. तेही फ्यूम हूडमध्येच (घातक वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात).

मार्गदर्शकांनी एलईडीच करायचा म्हटलं, तर कॅल्शियमचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवा आणि पॉलिमर मागवण्याआधी ज्यांच्याकडे ग्लोव्ह बॉक्स आहे त्यांच्याकडून वेळ पक्की करून घ्या.