हॉलमधले सीओबी आणि कोव्ह: पावसाळा काढल्यावर

सोफ्यावरचा सीओबी, म्हणजे छतात बसवलेला एलईडी स्पॉट, गेल्या आठवड्यात लुकलुकत लुकलुकत गेला. दुकानदार म्हणतो, "काका, वॉरंटी लाइटला आहे, ड्रायव्हरला नाही." ड्रायव्हर म्हणजे एलईडीला करंट पुरवणारी डबी; तिच्याशिवाय लाइट लागतच नाही, मग वॉरंटी कशाची, ॲल्युमिनियमच्या रिंगची? सुटा ड्रायव्हर मेन रोडला मिळेल. फक्त नुसते वॅट बघून आणू नका, मिलिअँपिअर, म्हणजे तो देतो तो करंटही जुळवा. जास्तीचा लावला तर एलईडी तापून जातो.

मी मात्र अजून आणलेला नाही, कारण भलतंच घडलं. दिवा गेला आणि हॉल बसण्यासारखा झाला! तो बरोबर टाळूवर होता. पेपर उघडला की आपल्याच डोक्याची सावली बातमीवर, मान मागे टेकली की उजेड थेट डोळ्यांत. पाहुण्यांच्या डोळ्यांखाली एवढा काळोख दिसे की तब्येतीची चौकशी करावीशी वाटे. आठ फुटांवरच्या छतातून 24 अंश फाकणारा झोत जमिनीवर जेमतेम साडेतीन फुटांचं वर्तुळ पाडतो, 36 अंशांचा सव्वापाच फुटांचं. बसायच्या जागेवर 24 कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

कोव्हला, म्हणजे छताच्या कडेच्या खाचेत लपवलेल्या एलईडी पट्टीला, माझा आधी विरोध होता. छत उजळायला स्ट्रिप जाळायची, हा कुठला हिशेब? आता रोज तोच लागतो. पांढऱ्या मॅट छतावरून परतलेला उजेड खोलीभर पसरतो, सावली फारशी पडत नाही, टीव्ही बघताना डोळे चुरचुरत नाहीत. (छताला गडद रंग दिलात तर निम्मं बिल छतच खाणार.) खाचेत धूळ साचते, ती दिवाळीला बघू.

पण नुसत्या कोव्हमध्ये घर सपाट दिसतं. कोपऱ्यात तांबट लेनमधून आजीने घेतलेली तांब्याची घागर आहे, ती त्या उजेडात नुसती तपकिरी. भिंतीकडे तिरका केलेला एक स्पॉट लावला की हातोडीचा ठोका न् ठोका उठून येतो. असा एखादाच हवा, बाकी काम कोव्हचं.

आणि इथेच वायरमनने घोळ घातलाय: सगळे स्पॉट एकाच बटणावर! पीओपी लागायच्या आधी त्याला बजावून सांगा, कोव्ह वेगळा, भिंतीकडचे वेगळे, डोक्यावरचे वेगळे. आता वेगळे करायचे तर छत फोडावं लागेल म्हणतो, वर रंगाचा खर्च आमचाच. म्हणून स्टुलावर चढून डोक्यावरचे स्पॉट खाली ओढले, ड्रायव्हरच्या पिना काढल्या आणि स्पॉट तसेच परत छतात खोचून दिले. फुकटात झालं.