सोमनाथ की मेंढा-लेखा?

पुतणीची परीक्षा संपली. जंगलाजवळ राहून समाज आणि राजकारण समजून घ्यायचंय, पण कुठे जावं हे तिचं ठरेना.

सोमनाथ चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात आहे. बाबा आमटेंनी तिथे सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी मे महिन्यात भरते. सकाळी श्रमदान, नंतर व्याख्यानं, चर्चा. त्या उन्हात घमेली उचलणं सोपं नाही, तब्येत सांभाळूनच जावं. पण सोबतीला राज्यभरातली तरुण मुलं असतात, आणि अशा मैत्र्या टिकतात.

मेंढा-लेखा गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं गोंड गाव. २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल वापरण्याचा आणि सांभाळण्याचा साऱ्या गावाचा मिळून हक्क, मिळाला. ग्रामसभा मतदान घेत नाही, सर्वसहमती होईपर्यंत बोलत राहते. राजकारण म्हणजे फक्त निवडणूक नव्हे, हे इथे जंगलातल्या बांबूच्या विक्रीच्या हिशेबातही दिसतं. मात्र तयार कार्यक्रम नसतो. आधी गावाला विचारावं, सवडीने बसावं, ऐकावं. तिथली माणसं आपल्या करमणुकीसाठी नाहीत.



पहिल्यांदाच घराबाहेर पडणाऱ्याने, सोबत हवी असणाऱ्याने सोमनाथला जावं. कायदा, जंगल, गावकारभार यांवर नेमके प्रश्न असतील त्याने मेंढा-लेखाला. पुतणीला मी सोमनाथच सांगितलं.