बियाण्याची निवड: पूर्वपरवानगी की तंत्रज्ञान-स्वातंत्र्य?

जनुकीय सुधारित बियाण्यांबाबत पहिला मार्ग सरकारी पूर्वपरवानगीचा आहे: २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला (अळीला मारक ठरणारे जिवाणूचे जनुक घातलेल्या वाणाला) मान्यता मिळाली, बीटी वांगे मात्र २०१० च्या स्थगितीत अडकले, आणि बांगलादेशाने त्यालाच २०१३ मध्ये परवानगी दिली. दुसरा मार्ग शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने मांडलेल्या तंत्रज्ञान-स्वातंत्र्याचा. त्याच आग्रहातून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे विनापरवाना एचटीबीटी (तणनाशक सहन करणारा बीटी) कापूस उघडपणे पेरला गेला. जोखीम शेतकऱ्याची असेल तर निवडही त्याचीच असावी, हे मला मनापासून पटते, कारण बंदीमुळे बियाणे थांबत नाही, ते चोरून विकले जाते आणि पावती नसल्याने फसलेल्या शेतकऱ्याला भरपाईही मागता येत नाही. परंतु बीटीला दाद न देणारी गुलाबी बोंडअळी बांध ओलांडून शेजाऱ्याच्या शेतात शिरते, तेव्हा केवळ वैयक्तिक निवडीचे तत्त्व अपुरे पडते.